कॉर्ड कानाने काढायला शिकवणारा वर्ग : राजारामपुरीतील आठ रविवार

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत, दर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात एक वर्ग चालतो. त्याला पाटी नाही, त्याची जाहिरात कोठे येत नाही, आणि आपले नाव कोठे लिहू नये अशी वर्ग घेणाऱ्या सरांचीच इच्छा असल्यामुळे मीही ते येथे देत नाही. ज्याला जायचे आहे त्याने वाद्यांच्या दुकानांत चौकशी केली तर पत्ता मिळतो, मलाही तो तसाच मिळाला. या वर्गात गिटार शिकवत नाहीत. ज्याला गिटार, की-बोर्ड किंवा पेटी थोडीफार वाजवता येते, त्याला गाण्याचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याखालचे कॉर्ड, म्हणजे चालीखाली साथीला एकत्र वाजणारे सुरांचे गट, कोणाच्याही मदतीशिवाय कसे काढावेत, एवढे एकच काम शिकवतात. आठ रविवार, एकूण सोळा तास आणि शुल्क ३,२०० रुपये. मी हा वर्ग यंदाच्या पावसाळ्यात पूर्ण केला आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय मिळाले, काय मिळाले नाही, याची नोंद करून ठेवावी असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे.

माझी पूर्वतयारी सांगितली नाही तर पुढचे मूल्यमापन एकांगी वाटेल. लहानपणी गल्लीतल्या भजनी मंडळात मी पेटी धरत असे, त्यामुळे चाल ऐकून ती बोटांखाली आणणे मला नवे नव्हते. गिटार मात्र चाळिशी उलटल्यावर घेतली आणि ती शिकताना इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार कॉर्डच्या तक्त्यांवर पूर्णपणे अवलंबून राहिलो. हिंदी चित्रपटगीतांचे तक्ते ढिगाने मिळतात, मराठी भावगीतांचे फारच थोडे मिळतात, आणि जे मिळतात त्यांतले बरेचसे कोणीतरी आपल्या सोयीसाठी सोप्या पट्टीत ओढून आणलेले असतात. घरच्या एका कार्यक्रमात काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या आत्याबाईंना साथ करायला बसलो, समोरचा तक्ता पांढरी एकचा होता, कॅपो (तारा दाबून गिटारची पट्टी चढवणारा चिमटा) कोठे लावावा हे ठरवण्यात पहिले कडवे निघून गेले, आणि दुसऱ्या कडव्यात लक्षात आले की तक्ताच मुळात चुकीचा आहे. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हाताने टाळी धरली आणि साथीविना गाणे पुरे केले. त्यानंतरच्या आठवड्यात मी या वर्गाची चौकशी केली.

पहिल्या रविवारी आम्ही सात जण आपापली वाद्ये घेऊन गेलो आणि दोन तास ती पिशवीतून बाहेर निघालीच नाहीत. खोलीत जुन्या चोकची एक ट्यूबलाइट आहे. सरांनी पंखा बंद केला, सर्वांना गप्प बसायला सांगितले आणि त्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट ज्या सुरात चालला आहे तो सूर गाऊन दाखवायला सांगितला. हा प्रकार सुरुवातीला चेष्टेचा वाटला, पण त्यामागचे गणित पक्के आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, प्रत्येक आवर्तनात चोकची पत्री दोनदा थरथरते, त्यामुळे त्या गुणगुणाटाची कंपनसंख्या १०० असते. खालच्या सप्तकातील पांढरी पाच ९८ ला आणि काळी चार जवळजवळ १०४ ला असल्यामुळे तो सूर पांढरी पाचपेक्षा किंचित चढा पडतो. आमच्यापैकी चौघांनी तो वरच्या सप्तकात गायला, एकाने भलताच सूर लावला, आणि मला तो सूर सापडला तरी तो किंचित चढा आहे हे पेटीवर लावून पाहीपर्यंत कळले नाही. ज्या आवाजाकडे आपण कधी लक्ष देत नाही, जो कोणी गात नाही आणि ज्याला शब्द नाहीत, तो उचलून गळ्यात आणणे हा या साऱ्या कामाचा पाया आहे, आणि सरांनी तो एका फुकटच्या ट्यूबलाइटवर घालून घेतला. घरच्या फ्रिजचाही सूर मला आता ऐकू येतो, ही गोष्ट घरच्यांना फारशी रुचलेली नाही.

वर्गाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे येथे सर्व काही सरगमच्या भाषेत शिकवले जाते. गाण्याचा सा एकदा सापडला की सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नि, म-ध-सा, प-नि-रे आणि ध-सा-ग हे सहा कॉर्ड समोर येतात. त्यांतले सा, म आणि प यांवरचे मेजर, म्हणजे उजळ वाटणारे, तर रे, ग आणि ध यांवरचे मायनर, म्हणजे काहीसे उदास वाटणारे असतात, आणि सातवा, नि-रे-म हा डिमिनिश्ड, म्हणजे अस्थिर वाटणारा कॉर्ड साध्या गाण्यात क्वचितच लागतो. शुद्ध स्वरांतल्या बहुसंख्य गाण्यांचा कारभार या सहांत आटोपतो, आणि त्यांतही सा, म, प आणि ध यांच्यावरचे चार कॉर्ड सतत भेटत राहतात. ज्याने कधी पेटीवर अलंकार वाजवले आहेत त्याला हे पाठ करावे लागत नाही. यापूर्वी मी जी पुस्तके आणि व्हिडिओ पाहिले होते ती सारी इंग्रजी अक्षरांनी सुरू होत आणि प्रत्येक पट्टीसाठी सहा नवी नावे पाठ करायला लावत. गाणारा अर्धा सूर वर सरकला की सगळे पाठांतर वाया जाई. सरगममध्ये विचार केला की पट्टी हा शेवटचा, कॅपो लावण्यापुरता प्रश्न उरतो: काळी चार हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या खणात, कॅपो लावून G मेजरच्या आकारात, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून E मेजरच्या आकारात वाजवावे, आणि गाण्याच्या कॉर्डचा विचार पुन्हा करू नये.

कोल्हापुरात हे शिकवणे एका अर्थाने सोपे आणि एका अर्थाने अवघड आहे. शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेले अल्लादिया खाँसाहेब येथे राहिले, गोविंदराव टेंब्यांची पेटी येथल्या लोकांनी ऐकली, सुधीर फडक्यांचा जन्म १९१९ मध्ये येथलाच. चालीचा कान असलेला माणूस या शहरात शोधावा लागत नाही. परंतु तो कान एका रेषेमागे जाणारा कान आहे. सूर कोठून निघाला, कसा वळला, मींड कोठे घेतली आणि समेवर कसा आला, हे आपण बारकाईने ऐकतो. त्याच क्षणी त्या सुराखाली दुसरे काय वाजते आहे याकडे आपले लक्ष सहसा जात नाही, कारण आपल्या संगीतात खाली तानपुरा असतो आणि तो बदलत नाही. आमच्या वर्गात एक चांगल्या गळ्याच्या बाई होत्या, शास्त्रीय गाणे शिकलेल्या. त्यांना कोणतीही चाल एकदा ऐकून सरगमसह म्हणता येई, पण कॉर्ड कोठे बदलला हे सांगण्यात त्या तिसऱ्या रविवारपर्यंत आमच्या सर्वांच्या मागे होत्या. सर त्यांना एकच वाक्य सांगत, “अहो, ते वरचं सोडा की, तळाला काय चाललंय ते सांगा.”

तळाचा सूर, म्हणजे बेस, हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारचा विषय होता आणि माझ्या मते या वर्गाचे शुल्क एवढ्या दोन दिवसांतच वसूल होते. मोबाइलच्या स्पीकरवर गाणे ऐकून कॉर्ड काढायला येथे सक्त मनाई आहे आणि त्याचे कारण सरांनी ऐकवून पटवून दिले. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनांवर वाजते, बेस गिटारची तर त्याच्या निम्म्यावर, आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतका खालचा आवाज जवळजवळ देतच नाही. आपल्या कानाला जो बेस ऐकू आल्यासारखा वाटतो तो त्याच सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदूने जुळवलेला अंदाज असतो आणि तो अंदाज गर्दीच्या वाद्यमेळात सहज चुकतो. तेच गाणे मोठ्या हेडफोनवर ऐकले तेव्हा ज्या जागी मी गेली कित्येक वर्षे एक कॉर्ड वाजवत होतो त्या जागी बेस दोनदा हलतो आहे हे कळले आणि थोडी लाजच वाटली. सरांच्या संगणकावर ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्राम आहे; त्यात ध्वनिमुद्रणाचा वरचा भाग गाळून फक्त खालचा ठेवता येतो, एखादी ओळ पुन्हा पुन्हा फिरवता येते आणि सूर न बदलता गती कमी करता येते. पहिल्या दोन सोयी अमूल्य आहेत. गती कमी करण्याचा उपयोग लोक समजतात तेवढा नाही, असे माझे मत झाले आहे: कॉर्ड नेमका कोणत्या मात्रेवर बदलतो हे त्याने कळते, पण कोणता कॉर्ड आहे हे ओळखायला संथ केलेला, किंचित फाटलेला आवाज उलट अडचणच करतो.

बेसचा सूर मिळाला म्हणजे कॉर्ड मिळाला, असे मात्र नाही, आणि माझी सर्वांत मोठी फजिती येथेच झाली. चौथ्या रविवारी प्रत्येकाला एकेक जुने भावगीत घरी काढून आणायला दिले होते. माझ्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत बेस स्पष्टपणे गंधारावर जात होता, म्हणून मी तेथे ग-प-नि हा मायनर कॉर्ड लिहिला आणि वर्गात आत्मविश्वासाने वाजवला. ऐकताना सगळ्यांनाच काहीतरी खटकले, पण काय खटकले ते कोणाला सांगता येईना. सरांनी मला फक्त त्या जागेची चाल गायला सांगितली. चाल त्या जागी षड्जावर उभी होती, पूर्ण दोन मात्रा. आणि ग-प-नि मध्ये षड्ज नाहीच, उलट त्याच्या अगदी शेजारचा निषाद आहे, जो गाणाऱ्याच्या षड्जाला खालून टोचत राहतो. ग आणि प हे दोन सूर दोन्ही कॉर्डमध्ये असल्यामुळे निकाल उरलेल्या एका सुरावर लागतो: नि असेल तर गंधाराचा मायनर, सा असेल तर तो सा-ग-प हाच मूळचा कॉर्ड, फक्त त्याचा गंधार तळाला ठेवलेला. गाण्यात दुसराच प्रकार होता. बेस वाजवणाऱ्याने सा वरून म वर जाताना वाटेत ग वर पाय ठेवला होता, एवढेच. हीच कसोटी सा-ग-प आणि ध-सा-ग या जोडीलाही लागते, तेथे प की ध एवढेच ऐकायचे असते. आणि शेजारच्या कॉर्डमधला गोंधळ सोडवायला सगळा कॉर्ड ऐकण्याची गरज नसून वेगळा असलेला एकच सूर गुणगुणून पाहणे पुरते, ही युक्ती मला कोणत्याही पुस्तकात इतक्या स्वच्छपणे सापडली नव्हती.

पाचवा रविवार रागांवर बेतलेल्या चालींचा होता आणि तो संपूच नये असे वाटले. भूप रागाच्या चालीत सा, रे, ग, प आणि ध हे पाचच सूर येतात. आता या पाच सुरांतून पूर्ण तीन सुरी कॉर्ड किती बनतात हे मोजून पाहावे: सा-ग-प हा एक, ध-सा-ग हा दुसरा, आणि संपले. ज्या म-ध-सा आणि प-नि-रे यांच्याशिवाय गिटारवाल्याचे पान हलत नाही त्या दोन्हींत रागाने वर्ज्य केलेला एकेक सूर बसलेला आहे. सरांनी एकच चाल तीन प्रकारे वाजवून दाखवली. पहिल्यांदा धैवताच्या जागी म-ध-सा घेतला तेव्हा चाल गोड झाली पण भूप राहिली नाही, एखाद्या प्रार्थनागीतासारखी वाटू लागली. दुसऱ्यांदा फक्त ते दोन कॉर्ड वापरले तेव्हा राग सांभाळला गेला पण ऋषभावर थांबणाऱ्या ओळीखाली काहीच नीट बसेना, कारण दोहोंतही रे नाही. तिसऱ्यांदा त्या जागी प आणि रे हे दोनच सूर, निषाद वगळून, जाड तारांवर घेतले आणि चाल आपल्या जागी बसली. पुढे यमनाची चाल आली तेव्हा रे वरचा कॉर्ड तीव्र मध्यमामुळे मायनरचा मेजर होतो, रे-तीव्र म-ध, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. बेस ऋषभावर गेलेला ऐकून वर्गातल्या सर्वांत लहान, अकरावीतल्या मुलाने तो बरोबर लावला. ध्वनिमुद्रण ऐकताना संगीतकाराने राग जपला आहे की मोडला आहे हेही अशा रीतीने कळू लागते, आणि अनेक जुन्या संगीत संयोजकांनी अवघड जागी कॉर्ड न देता केवळ दोन सूर ठेवून दिले आहेत हे लक्षात आल्यावर त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. एक बारीक गोष्ट सरांनी जाता जाता सांगितली, ती मला अजून पुरते आहे: कोपऱ्यातला मिरजेचा तानपुरा छेडला की षड्जाच्या तारेतूनच एक गंधार ऐकू येतो आणि तो गिटारच्या फ्रेटवरच्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्शाने उतरलेला असतो, त्यामुळे तानपुऱ्याबरोबर मेजर कॉर्ड छेडताना गंधाराची तार हलक्या हाताने वाजवली तर दोन्ही भांडत नाहीत.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक त्रास असा की ती पुष्कळदा कोणत्याच पट्टीत नसतात. मूळ तबकडी किंवा फीत नकलून घेताना तिची गती थोडी कमीजास्त झाली की सूरही तितकाच सरकतो. गती सहा टक्क्यांनी वाढली तर सगळे गाणे जवळजवळ एक अर्धा सूर वर जाते, तीन टक्क्यांनी वाढली तर ते दोन पट्ट्यांच्या फटीत अडकते आणि गिटार कशीही लावली तरी बेसूर वाटते. अशा वेळी मी पूर्वी स्वतःच्या कानाला दोष देत असे. वर्गात दोन उपाय सांगतात, गाणे ऑडॅसिटीत तेवढे सरकवून घ्यावे किंवा ट्यूनर बंद करून गिटारच गाण्याला लावून घ्यावी. दुसरा उपाय सरांना अधिक पसंत आहे आणि आता मलाही.

येथे कोणी विचारेल की मोबाइलवर गाणे टाकले की कॉर्ड लिहून देणारी ॲप मिळत असताना सोळा तास का घालवावेत. मी अशा एका ॲपचे वर्षाचे पैसे भरलेले आहेत आणि वर्गाच्या काळात प्रत्येक गृहपाठाची त्याच्याशी तुलना करून पाहिली, म्हणून हे अधिकाराने सांगतो की साध्या, स्वच्छ वाजवलेल्या, आधुनिक गाण्यांत ते चांगले काम करते आणि माझ्यापेक्षा कितीतरी लवकर करते. भावगीतांत आणि नाट्यगीतांत मात्र त्याची गाडी वारंवार रुळावरून घसरते, आणि ती कोठे घसरते हे पाहिले तर कारणही दिसते. कॉर्ड ओळखण्याची जी मूळ यांत्रिक पद्धत आहे तीत सगळी सप्तके एकावर एक घडी घालून ध्वनी बारा सुरांच्या बारा खणांत भरला जातो आणि ते खण कोणत्या कॉर्डशी जुळतात ते पाहिले जाते. ही घडी घालताना तळाला कोणता सूर होता ही माहितीच पातळ होते. सा-ग-प-ध हे चार सूर एकत्र वाजले तर ते षड्जाच्या घरातले आहेत की धैवताच्या, हे केवळ बेस सांगतो, आणि नेमके तेच यंत्राला कळत नाही. त्यात पेटी चालीबरोबर अखंड वाजत असेल तर चालीतला प्रत्येक सूर कॉर्डचाच भाग समजला जातो आणि एका ओळीत नऊ कॉर्ड लिहून मिळतात, जेथे मुळात दोनच असतात. सर ॲपचे नाव काढले की चिडतात. तेवढे चिडण्याचे कारण नाही. गृहपाठ झाल्यावर पडताळा म्हणून ते उपयोगी आहे, आणि जेथे त्याचे आणि माझे उत्तर वेगळे आले त्या जागा पुन्हा ऐकल्यामुळे माझा फायदाच झाला. काही ठिकाणी ते बरोबर होते, हेही लिहिले पाहिजे.

आता तक्रारी. कोमल स्वरांच्या गाण्यांना या वर्गात न्याय मिळत नाही. सातव्या रविवारी भैरवी अर्ध्या तासात उरकली गेली, आणि ज्या भैरवीने आपल्याकडे मैफल संपते तिच्यासाठी अर्धा तास म्हणजे अपमानच म्हणावा लागेल. भैरवीत पंचमावरचा कॉर्ड प-कोमल नि-कोमल रे असा डिमिनिश्ड होतो, शुद्ध निषाद नसल्यामुळे पंचमावरून षड्जावर येण्याचा नेहमीचा रस्ता बंद असतो, आणि तेथे कोमल ऋषभावरचा मेजर, म्हणजे कोमल रे-म-कोमल ध, घेऊन षड्जाच्या मायनरवर उतरले की शेवट खरोखर शेवट वाटतो. हे मला घरी पेटीवर दोन रात्री घालवून शोधावे लागले. हे वर्गातच मिळायला हवे होते. दुसरी उणीव तालाची आहे. केरव्यात कॉर्ड बहुधा पहिल्या किंवा पाचव्या मात्रेवर आणि दादऱ्यात पहिल्या किंवा चौथ्या मात्रेवर बदलतो, एवढे सांगून विषय सोडला जातो. परंतु ठेका आडवा जातो, गाणारा सम टाळून शब्द टाकतो, अशा ठिकाणी बदल कोठे धरावा याचा सराव पुरेसा होत नाही. तबला वाजवणारा कोणी एखाद्या रविवारी बोलावला असता तर मोठे काम झाले असते.

लेखी टिपणे दिली जात नाहीत. सरांचे म्हणणे असे की टिपण दिले की माणूस टिपण वाचतो आणि ऐकायचे सोडतो. मला हे अर्धेच पटते, कारण आठ आठवड्यांनंतर कोणत्या दिवशी काय झाले हे मला माझ्या वहीमुळेच आठवते आहे आणि वही न आणणाऱ्या दोघांचा पाचव्या रविवारनंतर फार गोंधळ उडाला. एखादा रविवार चुकला तर तो भरून दिला जात नाही. पंचगंगेला पूर आला त्या आठवड्यात वर्ग बंद राहिला आणि तो दिवस मात्र पुढे वाढवून दिला, याची नोंद केली पाहिजे. खोली लहान आहे, सात जणांत आठवी गिटार उघडली तर कोणाच्या तरी गुडघ्याला लागते. गाडी लावायला जागा नाही, चालत किंवा केएमटीच्या बसने जाणे बरे.

शुल्क जास्त आहे का, असा प्रश्न मला दोघांनी विचारला. तासाला दोनशे रुपये पडतात आणि शहरातील गिटारच्या सामान्य शिकवणीच्या मानाने ते अधिक आहेत; पण शिकवणीत वर्षभरात जी दहा-बारा गाणी बसवून घेतात ती दहा-बाराच राहतात. वर्ग संपल्यापासूनच्या दोन महिन्यांत मी एकोणीस गाणी स्वतः काढली. त्यांतल्या चौदांबद्दल माझी खात्री आहे, तिघांत एखादी जागा डळमळीत आहे, आणि दोन अजिबात सुटलेली नाहीत. त्यांतल्या एकात मध्येच सा बदलतो अशी मला शंका आहे. पूर्वी एका गाण्याला तक्ता शोधण्यातच संध्याकाळ जाई, आता साधे गाणे पाऊण तासात निघते. ज्याला सुरांची नावेही माहीत नाहीत, ज्याच्या हातात सहा-सात कॉर्डही बसलेले नाहीत, त्याने मात्र येथे जाऊन पैसे आणि इतरांचा वेळ दवडू नये. सर कोणालाही नाही म्हणत नाहीत, त्यामुळे हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो. आमच्यातला एक जण केवळ हौसेने आला होता, तिसऱ्या रविवारी तो मागे पडला आणि पाचव्यापासून आलाच नाही. याउलट भजनी मंडळात, गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात जे वर्षानुवर्षे साथ करत आले आहेत आणि दुसऱ्याने लिहून दिल्याशिवाय ज्यांचा हात चालत नाही, त्यांच्यासाठी याहून उपयुक्त असे काही मला या शहरात आढळलेले नाही. पेटीवाल्यांनी तर जरूर जावे, त्यांचा निम्मा अभ्यास आधीच झालेला असतो.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. जाताना वही आणि कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घरून न्यावा. सरांकडे दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची डावी बाजू बंद आहे, आणि जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत कधी कधी सगळा बेस त्याच बाजूला असतो.